विश्लेषण : एसी-पंख्यांवरचे तारे नेमके कोण ठरवते?

उन्हाळा तोंडावर आला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो : थ्री स्टार घ्यावा की फाइव्ह स्टार? विक्रेता हप्त्याचा हिशेब मांडतो, ग्राहक लेबलावरचे तारे मोजतो आणि व्यवहार ठरतो. हे तारे म्हणजे प्रयोगशाळेत मोजलेले निखळ शास्त्रीय सत्य, असा बहुतेकांचा समज असतो. मोजमाप शास्त्रीय असते, हे खरे. पण कोणत्या मोजमापाला किती तारे द्यायचे आणि कोणत्या उपकरणाला दुकानात येऊच द्यायचे नाही, हा निर्णय सरकारचा असतो. तो वाटाघाटींतून होतो आणि त्याचा परिणाम पुढची दहा-बारा वर्षे घराघरांच्या वीजबिलात दिसतो. म्हणूनच हे नियम कसे तयार होतात, हे समजून घ्यायला हवे.

लेबल आले कुठून?

१९७०च्या दशकातील तेलसंकटानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, घरगुती उपकरणांच्या वीजवापरावर कायदेशीर मर्यादा घालण्यास सुरुवात झाली. त्या काळात अमेरिकेतील नवा फ्रिज वर्षाला सरासरी १८०० युनिटच्या आसपास वीज खात असे. टप्प्याटप्प्याने मानके कडक होत गेली आणि हा आकडा पाचशेच्या आसपास आला. या काळात फ्रिजचा आकार कमी झाला नाही, उलट वाढला. ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये तारे असलेले लेबल आले. युरोपने नव्वदच्या दशकात इंग्रजी अक्षरांची आणि रंगीत पट्ट्यांची पद्धत स्वीकारली.

भारतात या साऱ्याचा पाया घातला तो ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ ने. या कायद्याखाली मार्च २००२ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी’ म्हणजेच ‘बीईई’ स्थापन झाली. मे २००६ मध्ये स्टार लेबलचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा तो ऐच्छिक होता. जानेवारी २०१० पासून एसी, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर यांना लेबल सक्तीचे झाले. आज तीसहून अधिक प्रकारच्या उपकरणांसाठी ही योजना आहे. त्यातील काहींना लेबल सक्तीचे आहे, तर काहींना अजून ऐच्छिक.

कायद्याच्या कलम १४ नुसार केंद्र सरकारला तीन वेगवेगळे अधिकार मिळतात. उपकरणाने जास्तीत जास्त किती वीज वापरावी याचे मानक ठरवणे, हा पहिला. ते मानक न पाळणाऱ्या उपकरणाच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर बंदी घालणे, हा दुसरा. आणि वीजवापराची माहिती लेबलावर छापायला लावणे, हा तिसरा. ग्राहकाच्या नजरेला फक्त तिसरा पडतो. खरी ताकद पहिल्या दोघांत आहे.

नियम तयार कसा होतो?

आधी उपकरण निवडले जाते. त्याची विक्री किती आहे, ते एकूण किती वीज खाते, आज मिळणाऱ्या तंत्रज्ञानाने त्यात किती बचत शक्य आहे, हे पाहिले जाते. मग चाचणीची पद्धत लागते. ही साधारणपणे भारतीय मानक ब्युरोच्या मानकांवर आधारलेली असते. खोली किती तापमानाची, बाहेरची हवा किती गरम, व्होल्टेज किती, हे सारे आधी निश्चित केल्याशिवाय दोन कंपन्यांच्या यंत्रांची तुलनाच होऊ शकत नाही.

तिसरा टप्पा बाजाराच्या अभ्यासाचा. सध्या विकल्या जाणाऱ्या मॉडेलांची कार्यक्षमता एका रेषेवर मांडली जाते. सगळ्यात ढिसाळ यंत्र कुठे आहे, सगळ्यात चांगले कुठे आणि गर्दी कुठे, हे त्यावरून दिसते. या रेषेवर एक ते पाच ताऱ्यांच्या सीमा आखायच्या असतात. एक ताऱ्याची सीमा वर सरकवली तर आज विकली जाणारी काही यंत्रे बाजारातून बाद होतात. पाच ताऱ्यांची सीमा खाली ठेवली तर सगळ्यांनाच पाच तारे मिळतात आणि लेबलाचा अर्थ उरत नाही.

या सीमांवरची चर्चा तांत्रिक समितीत होते. तेथे बीईईचे अधिकारी, उत्पादक आणि त्यांच्या संघटना, प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि ग्राहक प्रतिनिधी अपेक्षित असतात. त्यानंतर मसुदा निघतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. परदेशी मालावरही नियम लागू होणार असल्याने जागतिक व्यापार संघटनेला आगाऊ कळवावे लागते. शेवटी राजपत्रात अधिसूचना येते आणि कंपन्यांना जुना माल संपवण्यासाठी, उत्पादनाची साखळी बदलण्यासाठी मुदत मिळते.

नव्या उपकरणाला बहुधा आधी ऐच्छिक लेबल दिले जाते. त्यामागे तर्क आहे. या काळात प्रयोगशाळा सज्ज होतात, आकडेवारी गोळा होते, उद्योगाला सवय लागते. पण त्यात एक मेख आहे. लेबल ऐच्छिक असेल तर ज्याचे यंत्र चांगले तोच ते लावतो. ज्याचे यंत्र वाईट तो गप्प बसतो. म्हणजे ज्या मालाबद्दल ग्राहकाला सावध करायला हवे, नेमक्या त्याच मालावर काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे ऐच्छिक टप्पा लांबला की त्याचा फायदा ढिसाळ उत्पादकाला होतो. छताच्या पंख्याचे उदाहरण बोलके आहे. जवळपास प्रत्येक घरात असलेल्या या वस्तूला लेबल सक्तीचे व्हायला जानेवारी २०२३ उजाडले. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ ते ऐच्छिकच होते.

पाच तारे म्हणजे किती?

हा आकडा कायमचा नसतो. एसीचे तारे ‘आयएसईईआर’ या गुणांकावर ठरतात. वर्षभरात यंत्राने दिलेला एकूण थंडावा भागिले त्यासाठी लागलेली एकूण वीज, असा त्याचा साधा अर्थ. भारतातील हवामान लक्षात घेऊन २४ ते ४३ अंश सेल्सिअस या पट्ट्यात आणि वर्षाला १६०० तास वापर गृहीत धरून तो काढला जातो. २०१८ पासून ही पद्धत सक्तीची आहे.

२०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच तारे मिळवण्यासाठी हा गुणांक किमान ४.५० लागत असे आणि एका ताऱ्यासाठी ३.१०. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात पाच ताऱ्यांची सीमा ५.०० वर गेली आणि एका ताऱ्याची ३.३० वर. म्हणजे ४.६ गुणांकाचा एसी २०२१ मध्ये पाच ताऱ्यांचा होता, तोच जुलै २०२२ नंतर चार ताऱ्यांचा झाला. यंत्रात काहीही बिघडले नाही, मोजपट्टी सरकली. आणि जो एसी काल एका ताऱ्यावर काठावर पास होत होता, तो नव्या तक्त्यात नापास होऊन बाजाराबाहेर गेला.

म्हणूनच लेबलावर ताऱ्यांखाली छापलेला कालावधी महत्त्वाचा आहे. जुन्या तक्त्यातले पाच तारे आणि नव्या तक्त्यातले पाच तारे एक नव्हेत. नवा तक्ता येण्याच्या तोंडावर दुकानांत जुन्या मालावर मोठी सूट दिसते, त्यामागे हेही एक कारण असते. सूट घेण्यात काही गैर नाही. पण ती घेताना ताऱ्यांऐवजी गुणांक आणि वार्षिक युनिट पाहावेत, एवढे भान हवे.

मग फाइव्ह स्टारच घ्यावा का?

नेहमीच नाही. हिशेब करून पाहू. समजा, एकाच क्षमतेचे दोन एसी आहेत. एकाचा गुणांक ३.८, म्हणजे २०२२ च्या तक्त्यानुसार तीन तारे. दुसऱ्याचा ५.०, म्हणजे पाच तारे. पहिल्याच्या लेबलावर वर्षाला १००० युनिट लिहिले असतील, तर तेवढ्याच थंडाव्यासाठी दुसऱ्याला ७६० युनिट लागतील. फरक २४० युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला २४०० रुपये वाचतात. किमतीतला फरक आठ हजार असेल तर तो साधारण साडेतीन वर्षांत भरून निघतो. त्यानंतरचा फायदा निव्वळ.

पण हे गणित १६०० तासांचे आहे. म्हणजे रोज आठ तास, वर्षाचे दोनशे दिवस. मुंबईत रात्रभर एसी लावणाऱ्या घराला ते लागू पडेल. नाशिक किंवा पुण्यात उन्हाळ्याचे चार महिने रोज पाच तास, म्हणजे सहाशे तास एसी चालवणाऱ्या घरात बचत होईल ९० युनिटची, सुमारे ९०० रुपयांची. तेच आठ हजार भरून निघायला जवळपास नऊ वर्षे लागतील.

दुसरी गल्लत तुलनेची. तारे त्याच गटातल्या उपकरणांशी तुलना करून दिलेले असतात. पाच ताऱ्यांचा मोठा दुहेरी दरवाजाचा फ्रिज तीन ताऱ्यांच्या छोट्या एकदरवाजी फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलावरचा ‘युनिट प्रतिवर्ष’ हा आकडा ताऱ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक असतो, तो यासाठी. तिसरी गल्लत गिझरची. साठवणुकीच्या गिझरचे तारे मुख्यतः तापलेले पाणी तसेच ठेवले असता किती उष्णता वाया जाते, यावर दिले जातात. दिवसभर चालू ठेवलेल्या गिझरला त्या ताऱ्यांचा उपयोग मोठा. आंघोळीपुरता वीस मिनिटे लावून बंद करणाऱ्या घरात तो फारच थोडा.

यातून निघणारा निष्कर्ष ग्राहकाला दोष देणारा नाही. एवढी आकडेमोड दुकानात उभे राहून कुणी करत नाही आणि करावी अशी अपेक्षाही चुकीची आहे. म्हणूनच सारा भार लेबलावर, म्हणजे ग्राहकाच्या निवडीवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही.

शिखर महत्त्वाचे की पाया?

सगळी जाहिरात पाच ताऱ्यांची होते. धोरणाच्या दृष्टीने मात्र एक तारा अधिक मोलाचा आहे. लेबल सक्तीचे असलेल्या उपकरणात एका ताऱ्याची सीमा म्हणजे बाजारात येण्याची किमान पात्रता. ती सीमा जेवढी वर, तेवढी देशातली सगळ्यात स्वस्त वस्तूही काटकसरी.

याचा थेट संबंध कमी उत्पन्नाच्या घरांशी आहे. पाच ताऱ्यांचे यंत्र परवडते ते ज्याला वीजबिलाची चिंता तुलनेने कमी त्याला. ज्याला शंभर-दोनशे रुपयांचाही फरक पडतो, तो दुकानातली सर्वांत स्वस्त वस्तू उचलतो आणि पुढची कित्येक वर्षे जास्तीचे बिल भरत राहतो. भाडेकरूची गोष्ट याहून वाईट. पंखा, गिझर, एसी घरमालक विकत घेतो, बिल भाडेकरू भरतो. स्वस्तातले यंत्र बसवण्यात मालकाचा फायदा आणि त्याची किंमत मोजणारा दुसराच. शहरांतल्या भाड्याच्या खोल्या, वसतिगृहे, पेइंग गेस्ट या सगळ्यांत हेच चालते. बिल्डरने फ्लॅटबरोबर दिलेल्या उपकरणांचेही तसेच. या ठिकाणी लेबल कितीही रंगीत असले तरी काही करू शकत नाही, कारण ते वाचणारा आणि बिल भरणारा एक नाही. येथे फक्त किमान मानक कामाला येते.

पंख्याचा हिशेब हे स्पष्ट करतो. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॉटच्या आसपास. ४५ वॉटचा फरक, रोज बारा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे एका पंख्यामागे १६२ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला तेराशे रुपये. नव्या पंख्याला हजार-बाराशे रुपये जास्त पडले तरी वर्षभरात वसूल. एसीच्या तुलनेत हा सौदा कितीतरी किफायतशीर आणि तो थेट गरिबाच्या घरातला आहे. तरीही चर्चा एसीचीच जास्त होते.

उद्योगाचा आक्षेप किती खरा?

मानके कडक केली की किमती वाढतात, लहान उत्पादक मोडतात, आयात सुट्या भागांवरचे अवलंबन वाढते, असे उद्योगांचे म्हणणे असते. ते सरसकट खोटे नाही. पंख्यांना लेबल सक्तीचे झाले तेव्हा चाचणीचा खर्च आणि नवे डिझाइन हा लहान कारखान्यांसाठी खरोखरच प्रश्न होता. मोठ्या कंपन्यांना असे नियम अनेकदा सोयीचे ठरतात, कारण त्यांची प्रयोगशाळा तयार असते आणि छोटा स्पर्धक आपोआप मागे पडतो. नियम करणाऱ्यांनी हेही पाहायला हवे.

पण किंमत कायम चढीच राहते, हा दावा अनुभवाला धरून नाही. एलईडी बल्ब हे घरातलेच उदाहरण. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत ३१० रुपये होती. ‘उजाला’ योजनेत ‘ईईएसएल’ या सरकारी कंपनीने घाऊक निविदा काढल्या आणि २०१६ पर्यंत ती ३८ रुपयांवर आली. या योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. मागणी खात्रीची असली की उत्पादक किंमत उतरवतात, हा त्याचा धडा. पंख्यांसाठी असाच कार्यक्रम २०२३ मध्ये एक कोटी पंख्यांच्या उद्दिष्टाने जाहीर झाला आहे. मानक वर नेणे आणि घाऊक खरेदीने किंमत खाली आणणे या दोन्ही गोष्टी हातात हात घालून झाल्या, तर लहान ग्राहकावर बोजा पडत नाही. एक केले आणि दुसरे सोडले, तर मात्र उद्योगाचा आक्षेप खरा ठरतो.

मुदतवाढीचा प्रश्न वेगळा. एसीचा नवा तक्ता जानेवारी २०२२ पासून अपेक्षित होता. कोविडनंतर साठलेल्या मालाचे कारण देत उद्योगाने वेळ मागितला आणि तो सहा महिन्यांनी, जुलैपासून लागू झाला. त्या परिस्थितीत ते समजण्याजोगे होते. पण उन्हाळ्याचा हंगाम जुन्या तक्त्यावर निघून गेला, हेही खरे. त्या हंगामात विकला गेलेला एसी पुढची दहा वर्षे भिंतीवर राहतो. तक्ता सहा महिने पुढे गेला तरी त्याचे बिल सहा महिन्यांत संपत नाही.

लेबल खरे आहे, हे कोण तपासते?

पद्धत अशी : कंपनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आपल्या मॉडेलची चाचणी करून घेते, बीईईकडे नोंदणी करते, शुल्क भरते आणि लेबल छापते. म्हणजे सुरुवातीचा दावा कंपनीचाच. त्यावरचा अंकुश म्हणजे बाजारातून नमुने उचलून केलेली तपासणी. एखादे मॉडेल पहिल्या तपासणीत नापास झाले तर दुसऱ्यांदा अधिक नमुने तपासले जातात. तेही नापास झाले तर लेबल बदलणे, माल मागे घेणे आणि कंपनीचे व मॉडेलचे नाव जाहीर करणे अशी तरतूद नियमांत आहे. कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्याचा निवाडा राज्य वीज नियामक आयोगाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे होतो. महाराष्ट्रात या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेली यंत्रणा म्हणजे ‘महाऊर्जा’.

कागदावर ही साखळी चांगली आहे. तिची ताकद मात्र दोन गोष्टींवर अवलंबून आहे : किती नमुने तपासले जातात आणि निकाल लोकांपर्यंत पोहोचतो का. शाळेत परीक्षा होते, पण निकाल फळ्यावर लागत नाही, अशी स्थिती असेल तर परीक्षेचा धाक राहत नाही. बीईईचे मोबाइल अॅप आहे, त्यावर नोंदणी झालेली मॉडेल शोधता येतात, ही जमेची बाजू. त्याच जागी त्या मॉडेलची बाजारातून उचलून तपासणी झाली का आणि निकाल काय लागला, हे दिसले, तर कोट्यवधी स्मार्टफोनधारक फुकटचे निरीक्षक होतील.

लेबल कुठे कमी पडते?

हवामान ही पहिली अडचण. एसीचा गुणांक ४३ अंशांपर्यंतच्या तापमानावर बेतलेला आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बाहेरची हवा जितकी तापते तितका एसी दमतो, त्याचा थंडावा घटतो आणि वीज वाढते. मुंबईच्या दमट आणि विदर्भाच्या भाजणाऱ्या उन्हाळ्यात एकच यंत्र वेगळे वागते, पण लेबल देशभर एकच. शिवाय विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक घरांचा खरा आधार एसी नसून कूलर आहे. स्थानिक कारागिराने पत्रा, मोटर आणि पंप जोडून बनवलेल्या कूलरवर तारे नसतात. मोजपट्टी कारखान्यातून येणाऱ्या मालाची आहे, गल्लीतल्या मालाची नाही.

दुसरी अडचण विजेच्या दराची. शेतीपंपांसाठीही स्टार लेबल आहे. पण महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू आहे. ज्याला बिलच येत नाही, तो जास्त पैसे देऊन काटकसरी पंप का घेईल? त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. वाचलेल्या विजेचा लाभ शेतकऱ्याला होत नाही, तो महावितरणला आणि अनुदान देणाऱ्या सरकारी तिजोरीला होतो. मग चांगल्या पंपाचा जादा खर्चही त्यांनीच उचलायला हवा.

तिसरी अडचण वापराची. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू करताच तो २४ अंशांवर लागावा, असा नियम झाला. ग्राहक हवे तर तापमान बदलू शकतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा विचार बोलून दाखवला आणि समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. दोन्हींतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या नियमाने कुणाचा हात धरला नाही, फक्त सुरुवात बदलली आणि तो निमूटपणे रुळला. दुसऱ्याने घरातल्या रिमोटला हात घातला. यंत्र बनवणाऱ्यावर कडक आणि वापरणाऱ्यावर सौम्य, हे सूत्र टिकते. उलटे केले की धोरणाविषयीच चीड निर्माण होते.

इतर देशांकडून काय घ्यावे?

युरोपची चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही शिकण्याजोग्या आहेत. तिथे ‘ए’ हा सर्वोत्तम दर्जा होता. यंत्रे सुधारत गेली तेव्हा मोजपट्टी सरकवण्याऐवजी ‘ए प्लस’, ‘ए डबल प्लस’, ‘ए ट्रिपल प्लस’ असे मजले चढवले गेले. एक वेळ अशी आली की फ्रिजमध्ये ‘ए प्लस’ हा विक्रीस परवानगी असलेला सर्वांत खालचा दर्जा होता आणि ग्राहक तो उत्तम समजून घेत होता. मार्च २०२१ पासून युरोपने हे मजले पाडले आणि पुन्हा ‘ए’ ते ‘जी’ अशी साधी पट्टी आणली. सुरुवातीला ‘ए’ची जागा मुद्दाम जवळपास रिकामी ठेवली गेली, पुढच्या सुधारणेला वाव राहावा म्हणून. लेबलावर क्यूआर कोड आला आणि मॉडेलची माहिती खुल्या नोंदवहीत गेली.

जपानने १९९० च्या दशकाअखेरीस वेगळी वाट धरली. बाजारात आज जे सर्वांत काटकसरी यंत्र आहे, तेच काही वर्षांनी प्रत्येक कंपनीच्या सरासरी विक्रीचे लक्ष्य, असा तिथला नियम. तिथे सर्वोत्तम खेळाडूच पुढची पायरी ठरवतो. अमेरिकेत कायद्यानेच सांगितले आहे की, प्रत्येक मानकाचा किमान सहा वर्षांतून एकदा फेरविचार व्हावा आणि एकदा वर नेलेले मानक खाली आणता येऊ नये.

भारताने मोजपट्टी वेळोवेळी सरकवत ठेवली, ‘सहा तारे, सात तारे’ असे मजले चढवले नाहीत, ही शहाणपणाची गोष्ट. कमतरता आहे ती वेळापत्रकाला कायद्याचा आधार नसल्याची.

काय व्हायला हवे?

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉट, म्हणजे अडीच लाख मेगावॉट या विक्रमी पातळीवर पोहोचली. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत देशाची थंडाव्याची गरज वीस वर्षांत सुमारे आठपट होईल, असा अंदाज बांधला आहे. ही गरज चैन नव्हे. उष्णतेच्या लाटेत पंखा आणि कूलर हे जीव वाचवणारे साधन असते. प्रश्न एवढाच की, ही गरज भागवताना किती वीजकेंद्रे उभारायची आणि बिल कुणी भरायचे. सर्वांत स्वस्त वीज ती, जी निर्माणच करावी लागत नाही.

त्यासाठी चार गोष्टी करण्याजोग्या आहेत. एक, प्रत्येक उपकरणाच्या पुढच्या तक्त्याची तारीख आणि पातळी आधीच जाहीर करावी आणि फेरविचाराची मुदत कायद्यात घालावी. उद्योगालाही अनिश्चिततेपेक्षा कडक पण ठरलेली तारीख परवडते. दोन, लक्ष पाच ताऱ्यांवरून एका ताऱ्याकडे वळवावे आणि सुरुवात पंख्यापासून करावी, घाऊक खरेदीची जोड देऊन. तीन, बाजारातील तपासणीचे निकाल मॉडेलनिहाय खुले करावेत. चार, तांत्रिक समितीत ग्राहकाची खुर्ची नावापुरती राहू नये. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था महाराष्ट्रात अनेक दशके काम करत आहेत. अशा संस्थांना तज्ज्ञ नेमण्यासाठी निधी आणि मसुद्यांवर मत देण्यासाठी मराठीसह भारतीय भाषांतले कागद मिळायला हवेत. हरकती कुणी घेतल्या आणि त्यांतल्या कोणत्या मानल्या गेल्या, हेही प्रसिद्ध व्हावे.

दुकानात उभा राहून तारे मोजणारा ग्राहक बारकाईने वागतो आहे, यात शंका नाही. पण त्याच्यासमोर कोणती यंत्रे मांडली जाणार, हे तो दुकानात शिरण्याच्या कितीतरी आधी, दिल्लीतल्या एका बैठकीत ठरलेले असते. त्या बैठकीत बिल भरणाऱ्याचा आवाज जेवढा मोठा, तेवढे त्या ताऱ्यांचे मोल.